एमआरआय काढण्याआधी वही काढा

कंपवाताच्या रुग्णाला सुचेनासं झालं, बोलण्यात मेळ राहिना, की चांदवड तालुक्यातल्या बहुतेक घरांत पहिली हालचाल होते ती गाडी ठरवण्याची. नाशिकला न्यायचं, डोक्याचा एमआरआय काढायचा, म्हणजे काय ते एकदाचं कळेल. पासष्ट-एक किलोमीटरचा रस्ता, दोघांचा दिवस मोडलेला, घरी कांदा काढणीला आलेला. संध्याकाळी हातात पडतं एक भलंमोठं पाकीट. त्यात फिल्म आणि रिपोर्ट. रिपोर्टच्या शेवटी बहुतेक वेळा दोन ओळी असतात: वयानुसार मेंदूचं आकुंचन, बारीक रक्तवाहिन्यांमुळे झालेले जुने बदल. घरी पोचेपर्यंत त्याचं ‘मेंदू सुकलाय’ असं होतं, आणि मग कुणी कुणाशी बोलत नाही.

या दोन ओळी सत्तरीच्या ठणठणीत माणसाच्या रिपोर्टमध्येही सापडतात. पिकलेल्या केसांवरून जसं माणूस हुशार की विसराळू हे सांगता येत नाही, तसंच या आकुंचनावरून वडिलांना हिशोब का जमत नाही ते सांगता येत नाही. स्कॅन निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. काही प्रश्नांचं उत्तर फक्त स्कॅनच देऊ शकतो आणि त्यातले एक-दोन तर जीव वाचवणारे आहेत. पण कोणता प्रश्न कोणत्या यंत्राला विचारायचा हे निघण्याआधी ठरलेलं असलं, तर पैसा आणि दगदग दोन्ही वाचतात.

जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टरने १८१७ साली कंपवातावर निबंध लिहिला, म्हणून त्याला पार्किन्सन्स असंही म्हणतात. बुद्धीला धक्का लागत नाही, असं त्याने त्यात नोंदवलं होतं. पुढे दीडेकशे वर्षं वैद्यकाने हे बऱ्यापैकी मान्य केलं. लेव्होडोपाची गोळी १९६० च्या दशकाच्या अखेरीस आली, रुग्ण जास्त वर्षं जगू लागले, आणि मग दुसरी बाजू दिसली. आज असं मानतात की डिमेन्शिया नसलेल्या पार्किन्सन्सच्या रुग्णांपैकी सुमारे चौथ्या हिश्शाला विचार करण्याच्या क्षमतेत सौम्य घट जाणवते. सिडनीत रुग्णांचा दीर्घकाळ पाठपुरावा झाला, त्यात निदानानंतर वीस वर्षं जगलेल्यांपैकी ८३ टक्क्यांना डिमेन्शिया होता. हा आकडा वाचून हातपाय गाळू नका. वीस वर्षं आजार काढलेली ती माणसं वयानेही बरीच थकलेली होती. मात्र ‘कंपवात म्हणजे फक्त हात थरथरणं’ ही समजूत आता सोडायला हवी.

ही घट अल्झायमरसारखी दिसत नाही, म्हणून घरात ती उशिरा लक्षात येते. अल्झायमरमध्ये सकाळी काय खाल्लं ते दुपारी पुसलं जातं. पार्किन्सन्समध्ये आठवण पुष्कळदा शाबूत असते. चांदवडचा रंगमहाल होळकरांचा हे आजोबा सांगतील, कोणत्या साली कांद्याला काय भाव मिळाला तेही सांगतील. पण लिलाव झाल्यावर व्यापाऱ्याने दिलेली हिशोबपट्टी हातात द्या. वजन गुणिले भाव, त्यातून एकेक कपात वजा, उचल घेतली असेल तर तीही वजा. जो माणूस हे उभ्या उभ्या तोंडी करायचा तो आता दुसऱ्या पायरीवर अडतो, पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो, मग पट्टी घडी करून खिशात घालतो आणि ‘बरोबर आहे’ म्हणतो. तो विसरलेला नाही. एकामागून एक पायऱ्या मनात धरून ठेवणं त्याला जमेनासं झालंय. बायकांच्या बाबतीत हीच गोष्ट स्वयंपाकघरात दिसते. भाकरी छान येते, भाजीही येते, पण कुकर, फोडणी आणि कणीक एकाच वेळी सांभाळायची म्हटली की गोंधळ उडतो. घरचे म्हणतात, ‘आईचं लक्षच नसतं हल्ली.’

दुसरी खूण नजरेची आणि अंतराची. चहा कपाऐवजी बशीत ओतला जातो, खुर्चीच्या कडेवर बसलं जातं, हायवे ओलांडताना ट्रक किती लांब आहे याचा अंदाज चुकतो. डोळ्यांचा नंबर तपासून घ्या, मोतीबिंदू असेल तर काढा, पण नवा चष्मा आल्यावरही हे चालूच राहिलं तर डॉक्टरांना सांगा.

तिसरी गोष्ट लोक लाजेने लपवतात. कोपऱ्यात कुणी तरी बसलंय असं दिसणं, अंगणात नसलेली लहान मुलं किंवा जनावरं दिसणं. यामागे बाहेरचं काही नसतं, देवऋषीकडे जायची गरज नसते. मेंदूतल्या बदलामुळे किंवा औषधाच्या मात्रेमुळे हे होतं आणि त्यावर उपाय आहे. झोपेत ओरडणं, लाथा मारणं, स्वप्नातलं भांडण अंथरुणात करणं हेही सांगा. कित्येकांच्या बाबतीत ही सवय हात थरथरायच्या आधी काही वर्षं सुरू झालेली असते, आणि त्या वेळी बायको वेगळ्या खोलीत झोपायला लागली एवढंच घडलेलं असतं.

आता वहीचं. शाळेची साधी वही पुरते. तीत ‘विसरतात’, ‘चिडतात’ असे शेरे लिहू नका, घडलं ते लिहा. नोंद अशी हवी: ‘सोमवार. सकाळची गोळी ७ ला. ९ वाजता दूधवाल्याचा हिशोब केला, बरोबर. साडेअकराला शर्टाची बटणं लावता येईनात, कोणत्या हाताने सुरू करायचं ते कळेना. साडेबाराला दुसरी गोळी. दीड वाजता स्वतः जेवले, गप्पा मारल्या. रात्री तिसऱ्यांदा उठून म्हणाले, दारात माणूस उभाय.’ एवढ्यातून न्यूरोलॉजिस्टला फिल्मपेक्षा जास्त कळतं. गोळीचा असर उतरला की विचारही मंदावतो का, सगळा दिवस सारखाच जातो का, की काही तास लख्ख आणि काही तास धुकं असे चढउतार आहेत. हे चढउतार आणि स्पष्ट दिसणारे भास एकत्र असतील तर डॉक्टर लेव्ही बॉडी डिमेन्शियाचा विचार करतात. तिथे एक साधा नियम वापरतात: विचारशक्तीतली घट हालचाल मंदावण्याच्या आधी किंवा नंतर वर्षभराच्या आत आली तर तो आजार लेव्ही बॉडी डिमेन्शिया, कंपवात जडून बऱ्याच वर्षांनी आली तर पार्किन्सन्सचा डिमेन्शिया. काय आधी आणि काय नंतर, हे कोणत्याही यंत्राला कळत नाही. ते घरच्यांनाच माहीत असतं.

वहीत एक पान औषधांचं ठेवा, आणि इथे मी जरा हट्टाने सांगतो: घरातली सगळी औषधं एका पिशवीत भरून न्या. गॅसची कॅप्सूल, चक्करेची गोळी, झोपेची, लघवीची, आयुर्वेदिक चूर्ण, सगळी. आपल्याकडे पित्तावर सर्रास दिल्या जाणाऱ्या कितीतरी कॅप्सूलमध्ये पँटोप्रॅझोल किंवा रॅबेप्रॅझोलच्या जोडीला लेव्होसल्पिराइड असतं. उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड, चक्करेवरची सिनारिझिन आणि प्रोक्लोरपेराझिन, अर्धशिशीवरची फ्लुनारिझिन हीही त्याच रांगेतली. ही औषधं मेंदूतल्या डोपामिन या रसायनाचं काम अडवतात. महिनोन्‌महिने घेतली तर धडधाकट माणसाला कंपवातासारखी लक्षणं येऊ शकतात, आणि ज्याला आधीच कंपवात आहे त्याचा आजार वाढतो. दुकानदाराने ‘हीच चालू ठेवा’ म्हटलं म्हणून दोन वर्षं चाललेली गॅसची कॅप्सूल पाकिटावरचं बारीक नाव वाचून तपासा. लेव्होसल्पिराइड दिसलं तर डॉक्टरांना दाखवा. बंद केल्यावर सुधारणा व्हायला कधी आठवडे, कधी महिने लागतात.

विचारशक्तीवर थेट घाला घालणारी औषधं वेगळी. थरथर कमी करायला दिलं जाणारं ट्रायहेक्सिफेनिडिल तरुणाला चालतं, म्हाताऱ्या माणसाला त्याने गोंधळ होतो, भास होतात. लघवी रोखून धरण्यासाठीची ऑक्सिब्युटिनिन, सर्दीच्या काही गोळ्या आणि झोपेच्या गोळ्याही तशाच. खाजकुयलीच्या बियांचं चूर्ण म्हणजे कवचबीज कुणी देत असेल तर तेही लपवू नका. त्यात खरोखरच लेव्होडोपा असतो, आणि गोळीच्या लेव्होडोपात त्याची भर पडते.

आणखी एक गोष्ट स्कॅनच्या आधीची. बदल किती वेगाने झाला? वर्ष-दोन वर्षांत हळूहळू की चार दिवसांत? परवापर्यंत बरा असलेला माणूस एकाएकी बरळू लागला, दिवसा झोपू लागला, रात्री उठून चालू लागला, तर तो डिमेन्शियाचा जोर नसून बहुधा शरीरातला दुसरा बिघाड असतो. लघवीतला संसर्ग, छातीतला कफ, आठवडाभराची बद्धकोष्ठता, एप्रिल-मेच्या उन्हात पाणी कमी पडणं, रक्तातलं सोडियम घसरणं, नवी सुरू झालेली गोळी. याचा शोध लघवी आणि रक्ताच्या तपासणीत लागतो आणि तो चांदवडलाच घेता येतो. सोडियमबरोबर बी-१२, थायरॉइड आणि साखरही पाहून घ्या. माळकरी आणि जैन घरांत, जिथे अंडी-मांस वर्ज्य असतं, तिथे बी-१२ कमी असणं नवं नाही, आणि ते भरून काढता येतं.

मात्र दोन प्रसंगी थांबायचं नाही. तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, वाचा जाणं असं अचानक झालं तर तो पक्षाघात समजून तडक मोठ्या रुग्णालयात. आणि रुग्ण पडला असेल, भले डोक्याला टेंगूळसुद्धा आलं नसेल, आणि नंतरच्या दिवसांत-आठवड्यांत तो मंद, झोपाळू होत गेला असेल, तर सीटी स्कॅन करायचाच. उतारवयात कवटीच्या आत रक्त हळूहळू साचत जातं, विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर. सीटी काही मिनिटांत होतो, एमआरआयपेक्षा स्वस्त असतो, आणि साचलेलं रक्त काढलं की माणूस पुन्हा उठून बसलेला पाहायला मिळतो.

एमआरआयकडे आता वळू. कंपवातात बिघाड होतो तो मध्यमेंदूतल्या एका इवल्याशा काळसर पट्ट्यात. नेहमीच्या एमआरआयमध्ये तो बिघाड बहुधा दिसत नाही. म्हणून पार्किन्सन्सच्या रुग्णाचा एमआरआय ‘नॉर्मल’ येणं यात विशेष काही नाही, आणि ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, मग आजार नाही’ असा निष्कर्षही काढू नका. एमआरआय काढायचा तो पार्किन्सन्ससारख्या दिसणाऱ्या इतर आजारांना वगळण्यासाठी.

त्यातला सर्वांत महत्त्वाचा, कारण त्यावर उपाय आहे, तो म्हणजे मेंदूतल्या पोकळ्यांत पाणी साठण्याचा आजार. १९६५ मध्ये हकीम आणि अ‍ॅडम्स यांनी तो नीट मांडला. पाय जमिनीला चिकटल्यासारखे आखूड पावलांनी चालणं, लघवी न थांबणं आणि डोकं मंद होणं या तीन गोष्टी एकत्र येतात. थरथर फारशी नसते. एमआरआयमध्ये पोकळ्या फुगलेल्या दिसल्या तर डॉक्टर कमरेतून थोडं पाणी काढून चालणं सुधारतं का ते पाहतात. सुधारलं तर नळी बसवण्याची शस्त्रक्रिया सुचवतात. चालणं सर्वांत आधी सुधारतं, डोकं त्या मानाने कमी.

दुसरा आजार पीएसपी. यात रुग्ण पहिल्या वर्षभरातच वारंवार पडतो, तोही मागच्या बाजूला. नजर खाली वळत नाही, त्यामुळे ताटातली भाजी राहून जाते, देवळाच्या पायऱ्या उतरताना पाय चुकतो. विचार न करता एकदम खुर्चीतून उठायची घाई होते. एमआरआयच्या उभ्या छेदात मध्यमेंदू बारीक झालेला दिसतो. त्या आकाराला रेडिओलॉजिस्ट हमिंगबर्ड पक्ष्याचं नाव देतात. एरवी एमआरआय छोटे पक्षाघात, गाठ हेही दाखवतो.

तपासणीच्या चिठ्ठीवर नुसतं ‘ब्रेन एमआरआय’ लिहून घेऊ नका. डॉक्टरांना विनंती करा की काय शोधायचं ते दोन ओळींत लिहा: कंपवात किती वर्षं, पडणं आहे का, लघवीचा त्रास आहे का, पोकळ्यांचा आणि मध्यमेंदूचा उल्लेख हवा. रेडिओलॉजिस्टला प्रश्न माहीत असला की रिपोर्टही उत्तरादाखल येतो. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात, पण अर्धा तास कर्कश आवाजात निश्चल पडून राहावं लागतं. थरथरणाऱ्या माणसाला हे अवघड. म्हणून गोळीचा असर चढलेला असेल अशी वेळ मागून घ्या आणि गोळी चुकवू नका. पेसमेकर असेल, मेंदूत इलेक्ट्रोड बसवण्याची शस्त्रक्रिया झाली असेल, अंगात लोखंडी तुकडा असेल तर नोंदणीच्या वेळीच सांगा. येताना फिल्मबरोबर सीडी मागा. वर्षभराने दुसऱ्या डॉक्टरांना तुलना करायची असेल तर तीच कामी येते.

आणखी पुढच्या दोन तपासण्या पुष्कळदा सुचवल्या जातात. ट्रोडॅट स्कॅनमध्ये डोपामिनच्या पेशींच्या टोकांची संख्या दिसते. निरोगी मेंदूत दोन स्वल्पविराम दिसतात, आजारात त्यांची शेपटी जाऊन पूर्णविराम उरतो. औषधाने आलेला कंप आणि घराण्यात चालत आलेला साधा कंप यांत हा स्कॅन बहुधा नॉर्मल येतो, तेव्हा शंका तिथे असेल तर तो उपयोगी. पण पार्किन्सन्स आणि पीएसपी यांतला फरक तो सांगत नाही, आणि बुद्धी किती घटली हे तर मुळीच नाही. इंजेक्शन दिल्यावर तीन-चार तासांनी स्कॅन होतो, म्हणजे सगळा दिवस जातो. सोय सर्वत्र नसते, आधी फोन करून विचारा. एफडीजी पेटमध्ये मेंदूचा कोणता भाग किती साखर वापरतो ते कळतं. लेव्ही बॉडी डिमेन्शियात मागचा, दृष्टीचा भाग मंद दिसतो, अल्झायमरमध्ये बाजूचे भाग. त्यासाठी उपाशी जावं लागतं आणि मधुमेह आटोक्यात हवा. माझं मत विचाराल तर, निदान स्पष्ट असताना केवळ खात्रीसाठी पेट काढू नका. ‘याने औषध बदलणार आहे का?’ एवढं डॉक्टरांना विचारा. उत्तर ‘नाही’ आलं तर ते पैसे फिजिओथेरपीला ठेवा. आणि कोणत्याही स्कॅनसाठी लेव्होडोपा स्वतःच्या मनाने बंद करू नका. एकदम बंद केल्याने ताप, अंग लाकडासारखं ताठणं असा जिवावरचा प्रसंग ओढवू शकतो.

विचारशक्ती मोजायची तर कागद-पेन्सिलीची चाचणी लागते. मोका नावाची तीस गुणांची चाचणी मराठीतही आहे. घड्याळ काढा, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा, शंभरातून सात-सात वजा करत जा, असं तिचं स्वरूप. नियोजन आणि नजर या दोन्हींची परीक्षा तीत होते, म्हणून कंपवातात ती जुन्या चाचण्यांपेक्षा बरी. पण चौथीत शाळा सोडलेल्या आजीला घनाकृती काढायला सांगून कमी गुण दिले तर ती आजीची घट म्हणता येत नाही. शिक्षण किती हे आधी सांगा. चष्मा आणि कानाचं यंत्र न्या, आणि चाचणी गोळीचा असर असताना होऊ द्या. मन उदास असेल तरी गुण घसरतात, आणि कंपवातात उदासी अगदी नेहमीची. सहा महिन्यांनी तीच चाचणी पुन्हा करून आलेला फरक एकट्या आकड्यापेक्षा जास्त बोलतो.

औषधांत रिव्हास्टिग्मिन या कामासाठी वापरतात. त्याने घट थांबत नाही, काही रुग्णांचं लक्ष आणि भास सुधारतात. मळमळ, वजन घटणं यावर नजर ठेवा. भासांसाठी झटपट शांत करणारं हॅलोपेरिडॉलचं इंजेक्शन मात्र टाळायचं. लेव्ही बॉडीच्या रुग्णाला ते घातक ठरू शकतं. रुग्ण दुसऱ्या कारणाने दवाखान्यात दाखल झाला तर हे रात्रपाळीच्या डॉक्टरांना सांगण्याची जबाबदारी घरच्यांची. वहीच्या पुठ्ठ्यावर ठळक लिहून ठेवा.

सोबत हवी असेल तर पुण्याचं पार्किन्सन्स मित्रमंडळ मराठीतून बोलतं, आणि मुंबईची पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटीही आहे. सांभाळणाऱ्याचा जीव मेटाकुटीला आला तर टेली मानस १४४१६ वर फोन करा, ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी १४५६७.

कागदपत्रांचं काम पुढे ढकलू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात पार्किन्सन्स आहे, दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं तर यूडीआयडी कार्ड निघतं, मात्र बहुतेक सवलतींसाठी ते किमान ४० टक्क्यांचं लागतं. जुन्या पद्धतीने आयकर भरणाऱ्यांना उपचारखर्चाची वजावटही मिळू शकते. बँक खातं संयुक्त करा, नॉमिनी नोंदवा, मृत्युपत्र करायचं असेल तर वडील नीट विचार करू शकतात तोवर आणि डॉक्टरांच्या दाखल्यासह करा. साधं मुखत्यारपत्र करून निश्चिंत होऊ नका. देणाऱ्याचं भान गेलं की ते कायद्याने टिकत नाही, आणि मग सातबाऱ्यावरचं नाव हलवायला कोर्टाची पायरी चढावी लागते.